रत्नागिरी शहर पायी फिरायचं आणि वाडीवाडीचं खायचं कसं: नव्याने राहायला आलेल्यांसाठी

रत्नागिरीत बदली होऊन आलेला बँकवाला असो, शिरगावच्या फिशरीज कॉलेजला ऍडमिशन घेतलेली पोरगी असो नाहीतर एमआयडीसीत नोकरीला लागलेला कोणी, सगळ्यांना पहिल्या महिन्यात एकच सल्ला मिळतो, गणपतीपुळ्याला जाऊन ये, पावसला जाऊन ये, आणि शहराचं विचारलं तर "शहरात काय आहे बघायला?" मला हे अजिबात पटत नाही. खारवी, भंडारी, दालदी, कोकणी मुसलमान, चित्पावन, कुणबी, बौद्ध, तेली, गुजराती व्यापारी, आणि आता बोटींवर आणि आंब्याच्या बागांत राबणारे नेपाळी, एवढी माणसं या छोट्याशा शहरात शेजारी शेजारी राहतात, आणि प्रत्येकाच्या चुलीवर माल जवळजवळ तोच असतो. तांदूळ, नारळ, आमसूल, मासे. वाडी बदलली की त्याच मालाचं ताट बदलतं. हे बघायला गाडी लागत नाही, पाय लागतात आणि भूक लागते.

सगळं एका दिवसात करायला जाऊ नका. मी खाली जे लिहितोय त्याचे तीन-चार भाग पाडा, एक सकाळ, एक संध्याकाळ असं करत महिनाभरात सावकाश करा. आणि एक युक्ती सांगतो, कुठलीतरी एक वस्तू धरून चाला. मी नव्या माणसाला तांदूळ धरायला सांगतो. जिथे जाल तिथे विचारायचं, तुमच्याकडे तांदळाचं काय करतात. या एका प्रश्नावर माणसं जेवढं बोलतात तेवढं "इथे फेमस काय आहे" विचारल्यावर बोलत नाहीत.

स्टेप १: वार आणि मोसम बघा

हे आधी बघितलं नाही तर अर्धी फेरी फुकट जाते. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी, संकष्टीला बऱ्याच घरांत मासे-मटण होत नाही, त्यामुळे बाजारही थंड असतो, काही खानावळी तर त्या दिवशी फक्त शाकाहारीच ठेवतात. मासळीसाठी बुधवार, शुक्रवार, रविवार धरा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते (त्या वर्षीचा सरकारी आदेश एकदा बघून घ्या, तारखा बदलू शकतात), तेव्हा बंदरावर बोटी नुसत्या शाकारून उभ्या दिसतात आणि बाजारात खाडीचं किंवा सुकं मिळतं. श्रावणात मांसाहार बघायची घाई करू नका, तो महिना पातोळ्यांचा, म्हणजे हळदीच्या पानात वाफवलेल्या गोड तांदळाच्या वड्यांचा. गणपतीच्या दिवसात मुंबईचे चाकरमानी सगळे गावात, घरं भरलेली आणि खानावळी बऱ्याचशा बंद, तेव्हा कोणी ओळखीचं घरी बोलावत असेल तरच खायचा प्लॅन करा. रमजान दरवर्षी मागे सरकतो, त्या महिन्यात मुस्लिम मोहल्ल्यात दिवसा खायला काही मिळायचं नाही, पण संध्याकाळी मगरीबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर जायचं.

मार्च ते मे सकाळी साडेसहाला बाहेर पडून साडेदहापर्यंत सावलीत या. घाम येतो तो वाळतच नाही. पावसाळ्यात जांभ्याच्या पाखाडीवर (दगडी पायऱ्यांच्या वाटेवर) शेवाळ असतं, तिथे स्लीपर घालून गेलात की घसरलातच, मागे पट्टा असलेली सँडल घाला.

स्टेप २: सोबत काय आणि कोण

पाण्याची बाटली, कापडी पिशवी, छोटा डबा (हो, डबा, पुढे कळेल का ते), सुट्टे पैसे. यूपीआय आता टोपलीवाल्या मावशींकडेही चालतं पण बंदरावर ओल्या हाताने कोणी फोन काढत बसत नाही. चौघांपेक्षा जास्त जण नकोत. दहा जणांचा घोळका गल्लीत शिरला की लोक दारातून आत जातात, दोघे-तिघे गेले की तेच लोक ओट्यावर बसवून घेतात. शक्य असेल तर ऑफिसातला किंवा वर्गातला एक स्थानिक माणूस धरा, आणि तो अर्धा दिवस घालवणार असेल तर त्याचं जेवण तुमच्याकडून, हे न विचारता ठरलेलं. पैसे घेऊन फिरवणारा कोणी मिळाला तर आधी विचारा, वाट कुठली, किती वेळ, खाण्याचे पैसे आत धरलेत का वेगळे.

फोटोचं आत्ताच सांगतो. मासे, बोटी, भांडी यांचे काढा, माणसांचे विचारल्याशिवाय नाही, बायकांचे तर नाहीच नाही. देवळात, दर्ग्यात, मशिदीच्या आसपास कॅमेरा खिशात.

स्टेप ३: सकाळी मिरकरवाडा

सुरुवात इथून करा कारण शहरातल्या बहुतेक ताटांतला मासा इथूनच निघतो. रिक्षावाल्याला "मिरकरवाडा जेटी" एवढं सांगितलं की पुरे. किती वाजता जायचं हे बोटी कधी येतात त्यावर, त्यामुळे आदल्या दिवशी बाजारात एखाद्या मासेवालीला विचारून ठेवा. संध्याकाळीही लिलाव होतात.

आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं काही घेऊ नका, एका बाजूला उभे राहा, हमालांच्या वाटेत नाही. ट्रॉलरवरून क्रेट उतरतात, ओल्या फरशीवर मासे ओततात, भोवती बायका गोल करून उभ्या, लिलाव बोलणारा भराभर आकडे म्हणत जातो आणि कोणीतरी नुसती मान हलवते की तो ढीग तिचा झाला. मान हललेली तुम्हाला दिसत पण नाही. लगेच तिची पाटी पुढे सरकते, वरून फावड्याने बर्फ पडतो, आणि बांगड्यांची निळी-काळी पाठ त्या बर्फात अशी चकाकते की दुपारच्या बाजारात तोच मासा ओळखू येऊ नये. हे एकदा नीट बघून घ्या, म्हणजे ताजा मासा डोळ्यांत बसतो. डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ला उघडून बघितला तर लाल, अंगावर बोट दाबलं तर खड्डा राहत नाही.

मग किरकोळ विकणाऱ्या बायकांकडे या. बोलण्याची सुरुवात भावापासून करू नका. "मावशी, आज काय चांगलं आलंय?" असं विचारा. मग ती सांगणार, "मुडदुशा घे, आजच्याच हायत, पोरांना घातल्यास तरी काट्याची भीती नाय." नव्या माणसाने बांगडा, मांदेली, मुडदुशा यापासून सुरू करावं, सुरमई-पापलेटच्या मागे पहिल्याच दिवशी लागू नये, ते महाग पण असतात आणि त्यांचंच नाव सगळीकडे असतं. भाव थोडा कमी करा म्हणायला हरकत नाही, पण टोपलीतला मासा उचलून नाक मुरडून परत टाकायचा नाही. साफ करून देणाऱ्या बायका बाजूलाच विळी घेऊन बसलेल्या असतात, त्यांचे पैसे वेगळे, ते घासाघीस न करता द्या. मुंडकी टाकू नका म्हणून सांगा, कालवणाला चव त्यांचीच.

घरी फ्रिज किंवा चूल नसेल, हॉस्टेलवर असाल, तर विकत न घेता नुसतं बघा आणि विचारा. कोणी रागावत नाही.

इथून वर रत्नदुर्ग किल्ला आहे, भगवती देवीचं देऊळ असलेला. उन्हाच्या आत चढा. वरून खाली मिरकरवाड्याचं बंदर आणि बोटींची गर्दी दिसते, आणि मांडवीकडे काळी वाळू, दुसरीकडे पांढरी, म्हणून इथे काळा समुद्र आणि पांढरा समुद्र अशीच नावं आहेत. उतरताना पेठकिल्ल्यातून पायी या, गाडीने नको. रत्नागिरीचे दानशूर उद्योजक भागोजी कीर, त्यांनी बांधलेलं भागेश्वराचं देऊळ याच बाजूला.

स्टेप ४: रामआळी, टिळक आळी आणि नाश्ता

ही दुसरी सकाळ. मारुती मंदिराला उतरा आणि चालायला लागा, माळनाका, जयस्तंभ, एसटी स्टँड, तिथून रामआळी, गोखले नाका. बहुतेक वाट उताराची आहे म्हणून याच दिशेने, उलटीकडून आलात तर दमाल. रामआळी म्हणजे बाजार, आमसुलं, सुकी मासळी, कुळीथ, लाल तांदूळ, पोहे, सगळं एका रस्त्यावर. दुकानदाराला उकडा तांदूळ (भात उकडून मग कांडलेला) आणि सुरय तांदूळ (न उकडलेला) दोन्ही हातावर घ्यायला मागा. उकड्या तांदळाची पेज इथे आजाऱ्यालाही देतात आणि शेतावरून आलेल्या माणसालाही, आणि तांबूस पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा किंवा लोणच्याची फोड. खानावळीच्या पाटीवर पेज कुठे लिहिलेली नसते, पण साध्या जागी विचारलंत तर कधी कधी मिळते.

नाश्त्याला घावन किंवा आंबोळी विचारा. वडापाव-मिसळ सगळीकडे आहेच, ती नंतर. घावन करताना बघायला मिळालं तर बघाच. तांदळाचं पीठ ताकाइतकं पातळ, बिडाचा तवा चांगला तापलेला, वाटीने कडेकडेने आत ओतत जायचं, पीठ पडल्या पडल्या जाळी पडते आणि चर्र आवाज येतो, मग झाकण. कडा आपोआप सुटल्या की झालं. आंबोळीचं पीठ आंबवलेलं, ती जाड आणि मऊ. ब्राह्मण घरांत घावनाबरोबर गूळ घातलेला नारळाचा रस मिळतो, भंडाऱ्यांकडे काळ्या वाटाण्याची आमटी किंवा कोंबडीचा रस्सा, मुसलमान घरांत मटणाचा. घावन तेच.

याच भागात टिळक आळी, लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, ते घर स्मारक म्हणून जपलंय, आत जाऊन या. तिथून चालत जाण्यासारखं पतितपावन मंदिर, १९३१ चं. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्यांचा पुढाकार आणि भागोजी कीरांचा पैसा, आणि ज्या काळात अस्पृश्य म्हटलेल्या माणसाला देवळाच्या पायरीवरही येऊ देत नव्हते त्या काळात हे देऊळ सगळ्या जातींच्या हिंदूंना खुलं होतं. पण खाण्याच्या दृष्टीने मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १९३३ साली याच गावात सगळ्या जातींचे हिंदू एकत्र बसून खातील असं उपाहारगृह निघालं. तेव्हा कोणी कोणाच्या हातचा चहा घ्यावा यावर माणसं वाळीत पडत होती. आज आपण कुठल्याही टेबलावर शेजारी कोण हे न विचारता बसतो, ते आपोआप झालेलं नाही, हे या आळ्यांतून चालताना लक्षात ठेवा. आणि "तुमची जात कुठली म्हणून हे असं करता" असा प्रश्न कोणालाही विचारू नका. "तुमच्या घरी कसं करतात" एवढंच विचारलं की सगळं कळतं.

वाचनाची आवड असेल तर इथलं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, मेंबर होऊन टाका, राहायला आलायत तर उपयोगी पडेल. शिमग्याला या आळ्यांचा नकाशाच बदलतो. बारा वाड्यांचं ग्रामदैवत श्री देव भैरी, त्याची पालखी निघते आणि झाडगावच्या सहाणेवर (पालखी बसवायच्या जागेवर) येते, तेव्हा गाडी काढू नका, गर्दीबरोबर चाला.

स्टेप ५: संध्याकाळी राजिवडा आणि भाट्ये

दुपारचं ऊन उतरल्यावर राजिवड्यात जा. खाडीकाठचा मोहल्ला, मासेमारी करणाऱ्या मुसलमानांची वस्ती, जाळी विणणं-दुरुस्ती दारातच चाललेली असते. इथल्या घरात बोलतात ती कोकणी, कान देऊन ऐका, मराठीवाल्याला थोड्या वेळात बरीच कळायला लागते. नमाजाच्या वेळी मशिदीसमोर गाडी-बिडी उभी करू नका, शुक्रवारी दुपारी तर येऊच नका फिरायला, संध्याकाळी या. मोठ्या माणसाला "चाचा", बाईला "भाभी" म्हणा, ताई-काकाही चालतं.

इथे शोधायचं ते तांदळाचं सांदण. फणसाच्या रसातलं पिवळं गोड सांदण तुम्ही मे महिन्यात इतर घरांत खाल, हे पांढरं, तांदळाचं आणि नारळाच्या दुधाचं, वाफवलेलं, जाळीदार, आणि मटणाच्या रश्शात बुडवून खायचं. हॉटेलात रोज मिळेलच असं नाही, लग्नाकार्याची आणि ईदची वस्तू. कोणी घरून ऑर्डर घेतं का ते चौकशी करा, आदल्या दिवशी सांगावं लागतं, आणि इथे तो डबा कामाला येतो. सोबत तांदळाच्या भाकऱ्या, त्या इतक्या पातळ की हातात धरल्या तर खाली लोंबतात. बेकरीत नानकटाई आणि टोस्ट घ्या.

मग भाट्याच्या पुलावरून चालत पलीकडे. काजळी नदी इथे समुद्राला मिळते. ओहोटी असेल तर खाडीच्या चिखलात बायका वाकून मुळे आणि कालवं (दोन्ही खायचे शिंपले) काढताना दिसतात, गुडघाभर चिखल, कमरेला टोपली, हातात कोयती. बाजारात कालवं महाग का, याचं उत्तर तिथे उभं राहिलं की मिळतं. तुम्ही स्वतः चिखलात उतरू नका, शिंपल्यांच्या कडा पाय कापतात आणि भरती कधी वळली ते नवख्याला कळत नाही. पलीकडे सुरूचं बन आणि लांब किनारा आहे, अंधार पडायच्या आत परत फिरा.

स्टेप ६: थिबा राजाचा वाडा

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५ ला इंग्रजांनी राज्य घेतलं आणि १८८६ मध्ये त्याला कुटुंबासकट इथे आणून ठेवलं. आत्ताचा वाडा १९१० चा, म्हणजे राजाला स्वतःच्या वाड्यात जेमतेम सहा वर्षं मिळाली, १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला. राणी पुढे मायदेशी परत गेली. त्याची समाधी शिवाजीनगर भागात आहे आणि बरेच रत्नागिरीकरसुद्धा तिथे गेलेले नसतात, तुम्ही जा. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन त्या समाधीवर येऊन गेले. वाड्यात जाण्याआधी वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घ्या. जवळच्या थिबा पॉइंटवरून खाडी आणि भाट्याचा पूल दिसतो, म्हणजे आदल्या फेरीत चाललेली वाट वरून बघायला मिळते.

स्टेप ७: खानावळीत बसल्यावर

साडेबारा ते दोन ही वेळ धरा, उशिरा गेलात तर चांगला तुकडा संपलेला असतो. आधी विचारायचं "आज ताजं काय?" आणि मग लगेच "ताट केवढ्याला, तुकडी वेगळी घेतली तर केवढ्याला?" पापलेट-सुरमईचा दर साइझवर असतो, तो ऑर्डरच्या आधी विचारण्यात लाज नाही. ताटात तळलेला मासा, कालवण, सुकं, भात, भाकरी किंवा चपाती, सोलकढी असं येतं. सोलकढी शेवटी भातावर घेतात, मधेमधे पितातही. ती गडद गुलाबी भडक असेल आणि नारळाचा स्वाद नसेल तर दुसऱ्यांदा तिथे मागवू नका. कोंबडी-वडे घ्यायचे तर वडे गरम आल्याशिवाय हात लावू नका, गार वडा चिवट होतो.

शाकाहारी माणसाला रत्नागिरीत काय, असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मार्च-एप्रिलला ओल्या काजूगरांची उसळ, कोवळ्या फणसाची म्हणजे कुयरीची भाजी, वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं, अळूचं फदफदं, केळफूल. एखादी घरगुती खानावळ धरून ठेवा आणि मोदक हवे असतील तर आधी सांगा, उकडीचे मोदक करून ठेवलेले चांगले लागत नाहीत.

स्टेप ८: कोणी घरी बोलावलं तर

बोलावतील, विचारत राहिलात तर नक्की बोलावतील. रिकाम्या हाताने जायचं नाही, फळं किंवा घरात पोरं असतील तर खाऊ. पहिल्यांदा थोडं वाढून घ्या कारण दुसऱ्यांदा आग्रह होणारच आणि पानात टाकलेलं कोणालाच आवडत नाही. काही खात नसाल तर आमंत्रण आलं तेव्हाच सांगा, पान वाढल्यावर नाही. आणि पुढच्या महिन्यात त्यांना तुमच्याकडे बोलवा, तुमच्या गावचं काहीतरी करून घाला, खानदेशचे असाल तर भरीत, सोलापूरचे असाल तर शेंगाचटणी-भाकरी. इथल्या लोकांना तेवढंच अप्रूप असतं.

स्टेप ९: घरी पाठवायला काय घ्यायचं

आमसुलं घ्या ती मऊ आणि काळपट-जांभळी, फार कोरडी-कडक नकोत. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस बाटलीत मिळतो, त्यात मीठ भरपूर असतं म्हणून सोलकढी करताना वेगळं मीठ घालायच्या आधी चाखा. आंबापोळी हातात धरून उजेडात बघा, एकसारखी पिवळीधमक असेल तर मला तरी शंका येते, उन्हात वाळवलेली थोडी काळपट आणि कमीजास्त जाड असते. फणसपोळी, तळलेले गरे हेही. हापूसला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे, तरी पेटीवर नाव काय छापलंय यापेक्षा बागवाल्याकडून थेट घेणं बरं, देठाजवळ वास घ्या, आणि थोडे कच्चे घ्या म्हणजे गावी पोचेपर्यंत पिकतात. सुकी मासळी एसटीने नेणार असाल तर दोन-तीन प्लास्टिक पिशव्यांत गच्च बांधून मग डब्यात, नाहीतर अख्खी गाडी तुमच्याकडे बघत राहील. आणि पावसाळ्यात इथेच असाल तर बाजाराच्या कडेला बसणाऱ्या वाडीवरच्या बायकांकडे टाकळा, फोडशी, भारंगी अशी रानभाजी येते, जुडी घ्या आणि शिजवायची कशी तेही तिलाच विचारा, भारंगी उकळून पाणी टाकल्याशिवाय केलीत तर कडू होते.